मडगार्डच्या बाहेर

अण्णा, तुमच्या गाडीची चाकं मी बाहेर काढली. पुढची दोन्ही. मडगार्डच्या कडेपासून चांगली बोटभर बाहेर दिसतात, आणि कॉलनीतून गाडी नेली की ओट्यावर बसलेली माणसं वळून बघतात. तुम्ही असतात तर तुम्हाला जेवण गेलं नसतं, हे मला ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणूनच केलं. गाडीच्या रूपाची मला कधी हौस नव्हती. बँकेत जायला-यायला आणि आईला दवाखान्यात न्यायला ती होती तशी पुरत होती. माणूस मेला की वैर संपतं, असं लोक म्हणतात. कुणाचं संपत असेल. माझं तर तुम्ही गेल्यावरच नीट सुरू झालं, कारण तुम्ही होतात तोवर तुमच्यासमोर तोंड उघडायची माझी छाती नव्हती.

तुम्हाला तो दिवस आठवत नसणार. मोंढा नाक्याच्या आपल्या गॅरेजात मी तुमचा डबा घेऊन आलेय, शाळेच्याच कपड्यांत. एक हौशी गिऱ्हाईक नवी गाडी घेऊन आलंय आणि चाकांच्या मागं जाड तबकड्या टाकून चाकं बाहेर काढून द्या म्हणून तुमच्या मागं लागलंय. त्या तबकडीला स्पेसर म्हणतात हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तुम्ही त्याला नाही म्हणताय आणि रॉकेलनं हात धुताय. बाजूला दुसऱ्या एका गाडीचं चाक नुसतं हातानं अडकवून ठेवलंय, नट आवळायचे राहिलेत, पाना तिथंच पडलाय. मी डबा खाली ठेवते, पाना उचलते आणि सगळी ताकद लावून एक नट आवळते. मला वाटतंय, तुम्ही बघाल आणि खूश व्हाल. तुम्ही येता, पाना माझ्या हातातून काढून घेता आणि खांद्यावरच्या फडक्यानं पुसता. माझे हात स्वच्छ होते, अण्णा. मग माझ्याकडं न बघता तुम्ही त्या माणसाला सांगता, “चाक मडगार्डच्या आत अन् बाई उंबऱ्याच्या आत. भाईर आली की दोन्हीची वाट लागती बघा.” तो खो खो हसला. तुम्हीही हसलात. मी आवळलेला नट तुम्ही पुन्हा सैल केलात आणि स्वतः आवळलात. त्या दिवसापासून डबा घेऊन भाऊ यायला लागला.

तुमच्या पान्यांना हात लावायची मला मुभा होती ती वर्षातून एकदाच, खंडेनवमीला. म्हणजे ज्या दिवशी हत्यारांना आराम, कुणी पाना उचलायचा नाही, त्या दिवशी. आई पाटावर सगळी हत्यारं मांडायची, मी हळद-कुंकू लावायचे, अक्षता टाकायचे, झेंडूची फुलं ठेवायचे. आजोबांनी निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर कुणा ट्रकवाल्याकडून मिळवलेला तो लांब दांड्याचा पाना मधोमध असायचा. दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा तुमचा. भाऊ दहावी झाला तेव्हा त्याला तुम्ही पान्यांचा नवा डबा दिलात आणि मी झाले तेव्हा पूजेचं पितळी ताट. भावानं तो डबा उघडला तरी का कधी? पुण्याला गेला, खुर्चीत बसला, आणि तुमच्या माघारी फोनवर म्हणाला, “गाडी भंगारात देऊन टाक, ताई.” मी दिली नाही. मला ती जिवंत हवी होती.

मग यंदा मी ठरवलं की स्पेसर बसवायचे, आपल्या अंगणात, आपल्या हातानं, तुमच्याच पान्यांनी, आणि तेही खंडेनवमीला. एकाच दगडात तुमचे दोन-तीन नियम फोडायचे होते. मोबाईलवर बघून बघून मी शिकले होते. गाडी जॅकवर उचलायची, खाली लाकडाचा ओंडका द्यायचा, चाक काढायचं, चाक जिथं टेकतं ती आतली बैठक घासून लख्ख करायची, स्पेसर तिला नटांनी आवळायचा आणि मग त्या स्पेसरवर चाक. मी शिकाऊ, त्यामुळे एक चाक निघेपर्यंतच घामाघूम झाले, एक नट तर उलटाच फिरवत बसले होते. आई ओट्यावरून बघत होती. तिनं अडवलं नाही. एवढंच म्हणाली, “आजच्या दिवशी हत्यार चालवतीस तर चालव, पण नव्या वस्तूची पूजा तरी करू दे मला.” आणि तिनं दोन्ही स्पेसर पाटावर घेतले, ओल्या हळदी-कुंकवाची बोटं ओढली, वर अक्षता चिकटवल्या. नेमकी ती बाजू आत जाणारी होती. मला ते पुसायचं सुचलं नाही असं नाही. पण वाहिलेलं हळद-कुंकू लगेच पुसायचं नसतं, आणि आई समोर हात जोडून उभी. तुमचे नियम मोडताना मला काही वाटलं नाही, तिचं कुंकू पुसायला हात धजेना. तसाच स्पेसर चढवला आणि वरून नट आवळले.

दसऱ्याला तिला गंगापूरला माहेरी सोनं वाटायला न्यायचं कबूल केलं होतं. ती पुढं बसली, माझ्या शेजारी. तुमच्या गाडीत ती कायम मागं बसली, मांडीवर पिशवी घेऊन, कारण पुढं तुम्ही आणि भाऊ. मांडीवर आपट्याच्या पानांची जुडी धरून ती लहान पोरीसारखी बाहेर बघत होती, आणि मी मनात तुम्हाला म्हणत होते, बघा, चाक बाहेर आहे आणि बायकाही बाहेर आहेत. वाळूज मागं पडलं आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. आधी वाटलं रस्ता खराब. मग खडखड सुरू झाली. बाजूनं मालानं भरलेले ट्रक जात होते आणि माझ्या शेजारी आई. गाडी कडेला घेतली. बाहेरचे नट सगळे घट्ट, पण जॅक लावून चाक हलवलं तर ते डुगडुगत होतं. चाक काढलं तर आतले, स्पेसरचे नट बोटानं फिरत होते.

तेवढ्यात प्रवासी भरलेली एक जीप थांबली. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. “काय झालं मावशी? सरका बाजूला, मी बघतो. संगं गडीमाणूस न्हाई का कुणी?” मी काही बोलायच्या आत आई रस्त्याच्या कडेच्या दगडावरून म्हणाली, “नाय बाबा. ती करती. तू जा, तुझी माणसं खोळंबलीत.” उभ्या आयुष्यात तिनं कुणा पुरुषाला जा म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. तो गेला. मी स्पेसर उतरवला. मागं तांदळाचा भुगा झाला होता, कुंकवात मळलेला. दाणे मध्ये अडकले, म्हणून स्पेसर टेकून बसलाच नव्हता, आणि दाणे चिरडले तसे नट सैल झाले.

आईनं ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. “माझ्या तांदळानं झालं का गं?” मी म्हटलं, मीच पुसायला हवं होतं. मग ती म्हणाली, “तुझे अण्णा दर खंडेनवमीला पूजा झाली की माझ्यादेखत फडक्यानं सगळं पुसून काढायचे. मला वाटायचं, माझ्या हाताची त्यांना किळस आहे. लई रडलेय मी त्यावरून, मोरीत जाऊन.”

ऐकताय का अण्णा? तुम्ही बरोबर होतात. दाणा अडकला तर घात होतो, हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून पुसत होतात. कदाचित माझ्या हातातला पानाही डब्याचं तेल लागलं असेल म्हणून पुसला असेल. पण याचाच मला आता सगळ्यात जास्त संताप आहे. एका वाक्याचं काम होतं. “अगं, तांदूळ मधे राहिला तर चाक निघंल,” एवढं बोलायला तुमची जीभ झडली असती? तिच्याशी संसार केलात आणि ते एक वाक्य तिला दिलं नाहीत. कारण सांगायचं तर आधी समोरच्याला माणूस धरावं लागतं. तुमच्या त्या गप्प बसण्यापायी काल-परवा दोन बायका रस्त्यात मेल्या असत्या, आणि त्यातली एक जन्मभर असं समजून जगली की नवऱ्याला आपली शिसारी येते. मी तुम्हाला माफ करत नाही. आईनं केलं असेल, तो तिचा प्रश्न.

मी दोन्ही चाकांचे स्पेसर उतरवून नीट पुसले, समोरासमोरचे नट पाळीपाळीनं आवळले आणि आम्ही गंगापूरला पोचलो. मामाच्या दारात आईनं सगळ्यांना सांगितलं, चाक वाटेत हिनं बसवलं. चारचौघांत, मोठ्यानं. त्या एका वाक्यासाठी मी तुमच्याशी पुन्हा असंच वागेन.

हे पत्र तुमच्या फोटोपुढं ठेवणार नाही. ठेवलं तर आई त्यालाही उदबत्ती ओवाळील. उद्या फाडून टाकीन. फक्त एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आता हसू शकत नाही. स्पेसर टाकल्यापासून गाडी जड झालीय. वळणावर स्टिअरिंग ओढताना खांदे भरून येतात, चार माणसं बसली की टायर मडगार्डला घासतो. शेजारच्या सीटवरून आई विचारते, “हात दुखतेत का गं?” मी म्हणते, छे, उलट हलकी झालीय.