कोऱ्या कोपऱ्यासकट

नाही, मला माझ्या मुलीचं ते चित्र कळत नाही. कळायलाच पाहिजे असा काही कायदा नाही. वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्रात आधी डोकं ठिकाणावर आहे ते लिहा. आहे. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. माझ्यावर दबाव टाकू शकेल अशी एकच होती, माझी बायको, ती कधीच गेली.

एक. घर थोरल्या मुलाला. मागचं दार फुगतं, ते तासून घ्यावं. माझा रंधा आणि पटाशा शेजारच्या सुताराला. माझ्या भावाला काही नाही. माझी शिडी नेलीय ती परत दिली नाही, तीच त्याला लखलाभ.

दोन. बँकेतली शिल्लक सूनबाईला. माझी मुलगी, धाकटी, अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्यासमोर रंगाची ताटली धरून हीच बसायची.

तीन. धाकटीचं शेवटचं चित्र. निळे-तांबडे पट्टे, त्यात माणूस नाही की झाड नाही. खाली उजव्या कोपऱ्यात नुसतं कोरं कापड. "बाबा, तेवढं उद्या करते," म्हणाली. उद्या ती नव्हती.

थोरल्याने त्याची पोस्टकार्डं छापली, तर कोपरा कापून. म्हणे, "बाबा, कोरं दिसलं तर लोक म्हणतील छपाई फसली." आता मूळ चित्रातलाही कोपरा कोणा चित्रकाराकडून भरून घ्यायचं म्हणतोय.

"कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

मी गेल्यावर करणार, तोंडावरच दिसत होतं.

म्हणून चित्र सूनबाईला. त्याला कोणीही ब्रश लावायचा नाही. कार्डं छापायची तर अख्ख्या चित्राची, नाहीतर नकोत. कापलेल्यांचे गठ्ठे पडलेत, त्यांच्या पाठीवर दूधवाल्याला चिठ्ठ्या लिहा. कागद चांगला आहे.

थोरल्यावर राग नाही. कार्डं खपावीत म्हणून कापलं, असं सांगत फिरतो. खोटं आहे. त्याला त्या कोपऱ्याकडे बघवत नाही. चित्रासमोरून जाताना मान फिरवतो. अरे, मला तरी कुठे बघवतं? पण तिचा हात तिथपर्यंत पोचला, पुढे नाही पोचला. तू रंग भरलास तर ती गेलीच नाही असं होईल. आणि ती गेलीय रे.

साक्षीदार: दवाखान्यातली नर्सबाई, खालच्या मजल्यावरचा शिंपी. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.
ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल.
तारीख: वकीलसाहेबांनी घातली ती.
सही: थोरल्याचा आणि धाकटीचा बाप.

वकीलसाहेब विचारतायत, मुलीबद्दल आणखी काही लिहायचंय का. नाही. एक शब्दही नाही.