बाग कोणाच्या नावावर

मुंबई, ९ फेब्रुवारी १९५८

तीर्थरूप दादास, सुगंधाचा वाकून नमस्कार.

ह्यांना भूक लागते, खोकलाही कमी आहे. आईला एवढंच वाचून दाखव. तिचे गुडघे कसे आहेत?

पुढचं तुझ्यापुरतं. मागच्या पत्राचं उत्तर नाही, म्हणून पुन्हा लिहिते. इस्पितळात गरिबांच्या फुकट खाटेचा अर्ज भरताना कारकुनाने विचारलं, "वर्षभरात जमीन कोणाच्या नावावर केलीत का?" तू शिकवल्याप्रमाणे नाही म्हणायचं होतं. शिरोड्याची आमची माडांची बाग दिवाळीत तुझ्या नावावर केली ती ह्याचसाठी. पण खोटं निघालं तर रोग्याला बाहेर काढतील, असं अर्जावरच छापलेलं. माझ्याने सही होईना. खरं सांगितलं.

"मग ती बाग तुमचीच धरणार," तो म्हणाला. "पंधरा दिवसांत पैशांची सोय करा, नाहीतर खाट सोडा." त्यातले आठ उरलेत.

ह्यांनी विचारलं, "दादा बाग परत देतलो मां?"

"देतलो. माजो भाव आसा तो," मी म्हटलं. तुला न विचारता शब्द दिला. वहिनीला काय वाटेल, ठाऊक नाही.

वेंगुर्ल्याला कचेरीत जाऊन बाग परत ह्यांच्या नावावर कर, म्हणजे अर्धी विकून डॉक्टरांनी सांगितलेलं ऑपरेशन करता येईल.

हे रोज दुपारी विचारतात, शिरोड्याचं पत्र आलं काय. काल मी आलं म्हणून सांगितलं. तू हो लिहिलंयस, असंही सांगितलं.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी बहीण सुगंधा