नागपूर ते बंगळूर, पावणेदोन तास

प्रिय धम्मा,

विमानात बसून लिहितोय. ते अगदी निवांत चाललंय. मेहकर-शेगाव गाडीत उभ्याउभ्या तिकिटं फाडण्यात माझी तीस वर्षं गेली, असं बसून जाणं पहिल्यांदाच. उतरायच्या आत तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती तोंडानं सांगणं मला जमणार नाही.

मघाशी हवाई सुंदरी बोटानं डोकी मोजत गेली. बरं वाटलं, आपल्याच बिरादरीतली निघाली. मग मीही मोजलं. आमच्या एसटीचा भाड्याचा टप्पा सहा किलोमीटरचा. नागपूर ते बंगळूर सव्वानऊशे, म्हणजे दीडशेच्या वर टप्पे, आणि मधे एकही थांबा नाही. खाली नुसतं पांढरं पसरलंय, गाव नाही, फाटा नाही. तुझी आई असती तर खिडकी तिलाच दिली असती. माझ्या गाडीनं माहेरी जाताना ती अशीच काचेला डोकं टेकून झोपायची. वाटेत जानेफळचा थांबा आला की मी मुद्दाम जोरात घंटी ओढायचो, ती दचकून जागी व्हायची, मग तिचा दिवसभर अबोला. आत्ताही डोळा लागला तेव्हा ती शेजारीच होती. मी आवाज केला नाही.

धम्मा, आई अचानक गेली असं मी तुला सांगितलं. ते खोटं होतं. बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सकाळी आठलाच सांगितलं होतं, आजचाच दिवस आहे. ती शुद्धीवर होती. दुपारी तिनं विचारलं, "धम्माले कळवलं ना? कवा येते थे?" मी म्हणालो, "येऊन राह्यली. पण लय लांब हाय, दोन दिवस लागतात." मी कळवलंच नव्हतं. माझ्या डोक्यात तुझं बंगळूर म्हणजे शेगावपर्यंत बस आणि पुढं आगगाडी. पोर दोन दिवस एकटी रडत येईल, पोचणार तर नाहीच, त्यापेक्षा मागून सांगू, असं ठरवलं. संध्याकाळी ती गेली, मग फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी तू दारात उभी. कशी आलीस विचारलं, तर म्हणालीस, "विमानानं, बाबा. नागपूरपर्यंत पावणेदोन तास."

दोन वर्षं झाली, तो आकडा डोक्यातून जात नाही. आज घड्याळ बघत बसलोय. सकाळीच फोन केला असता तर नागपूरहून पुढचा रस्ता धरूनही दिवे लागायच्या आत तू तिच्याजवळ असतीस. ती दाराकडे बघत होती, धम्मा.

आता पट्टे बांधायला सांगताहेत. घड्याळात एक तास अडतीस मिनिटं झाली. तू तिकीट पाठवलंस, बाबा आता इथंच राहा म्हणालीस. हे पोटात ठेवून तुझ्या हातचं जेवण मला गोड लागणार नाही. म्हणून हे पत्र बाहेर भेटताच तुझ्या हातात देईन. वाचून झाल्यावरही तू 'चला बाबा' म्हणालीस, तरच पिशवी उचलेन.

तुझाच,
बाबा