रविवारच्या सहा प्रती

७ मार्च, गुरुवार

बाइंडर म्हणतो, रविवारपर्यंत पुस्तकं मिळणार नाहीत. शिवणीचं मशीन बसलंय. "साहेब, हात जोडतो." हात कसले जोडतोस, पुस्तकं जोड!

पत्रिका गेल्या, सभागृह ठरलं. पाहुणे कोण, तर थोर समीक्षक. त्यांच्या रविवारच्या सदरात पुस्तक आलं तर जगलं, नाही तर मेलं. आणि बाईंची ही पहिलीच कादंबरी. तीस वर्षं मुख्याध्यापिका, निवृत्तीनंतर सहा वर्षं फक्त हेच लिहीत होत्या. समीक्षकांना छापील पानं आधी पाठवतो म्हटलं, तर— "सुटी पानं मी वाचत नाही. पुस्तक हातात द्या." राजेसाहेब!

तोड हिनं काढली. "वेष्टनं छापून आलीत ना? मग चढवा दुसऱ्या एखाद्या पुस्तकावर. प्रकाशनाला कोण उघडून बघतंय?" खरंय. या धंद्यात हे चालतंच.

८ मार्च

तोच आकार, तीच जाडी— एकच पुस्तक निघालं. माझी कादंबरी. एकुलती एक. वीस वर्षं तिचे गठ्ठे माळ्यावर आहेत. कुणाला आवडली नाही असं नाही, कुणी वाचलीच नाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे हिला मी कितीदा समजावलंय.

सहा प्रती काढल्या. नावाची पानं ब्लेडने कापली, अगदी मुळाशी, काप दिसणार नाही अशी. प्रत्येक पानाच्या माथ्यावर पुस्तकाचं नाव छापायची हौस मला कधीच नव्हती, ते बरं झालं. वेष्टनं चढवली. ओळखून दाखवा! सातवीत शाळा सोडली मी. हे काम एखाद्या पदवीधराला सांगून बघा.

१० मार्च, रविवार

समीक्षक चाळीस मिनिटं बोलले. बाईंविषयी तीन— घड्याळ लावून बसलो होतो— बाकी स्वतःच्या तरुणपणाविषयी. बाईंना वेष्टनाचं आधीच सांगितलं होतं. प्रत हातात तोलून म्हणाल्या, "वजन तरी बरोबर आहे हो!"

मग प्रती गोळा केल्या. पाच.

पुन्हा मोजल्या. पाचच.

११ मार्च

समीक्षकांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने दार अर्धंच उघडलं. "हे सकाळीच परगावी गेले. कालचं पुस्तक नेलंय प्रवासात वाचायला."

जन्मात एकदा वाचायचं ठरवलंन्, तेही आत्ता!

१२ मार्च

खऱ्या प्रती आल्या. शिवण सरळ. बाईंना पाठवल्या. सहाव्या प्रतीचं बोललो नाही.

१७ मार्च, रविवार

सदर आलं. "तीनशे पानांत एकही जिवंत माणूस नाही. लेखिकेला शब्दांचा सोस आहे, माणसांचा नाही. नायक आरशासमोर जितका उभा राहतो तितका कुणा माणसासमोर राहत नाही." आणि असंच दोन रकाने.

वाचलीय त्याने. शेवटपर्यंत! एकशे चाळिसाव्या पानावरच्या होडीलाही सोडलं नाही. कळतं काय याला साहित्यातलं?

आरसे मोजले. अकरा.

बाईंचा फोन. आवाज थेट वर्गातला. "माझ्या कादंबरीत आरसा नाही. होडी नाही. हे कुणाच्या पुस्तकाबद्दल आहे?"

"बघतो," म्हणालो.

१८ मार्च

ही म्हणते, सांगून टाका. मी म्हटलं, प्रतींची अदलाबदल झाली एवढंच कळवू, दुसऱ्या लेखकाचं नाव कशाला?

"आणि कुणी विचारलं, तो कोण?"

"हयात नाही म्हणू."

"बरं झालं सांगितलंत. आजपासून एकटीचाच स्वयंपाक करते."

१९ मार्च

बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. चष्मा पुसत राहिल्या. "म्हणजे माझं अजून कुणीच वाचलेलं नाही."

"असं कसं? मी चार वेळा प्रुफं तपासलीत!"

"मग सांगा ना. शेवटी धाकटी घर सोडून जाते, ते पटलं तुम्हाला?"

प्रुफं मी खालून वर वाचतो— शेवटच्या ओळीकडून पहिलीकडे. अर्थामध्ये मन गुंतलं की चुका निसटतात. ही युक्ती माझी, कुणी शिकवलेली नाही. आणि पुस्तकाची निवड? पहिली दहा पानं. तेवढ्यात मला कळतं.

धाकटी कोण, हेच ठाऊक नव्हतं.

बाईंनी चहा विचारला नाही.

२४ मार्च, रविवार

माझं पत्र छापून आलं. "ज्या कादंबरीवर टीका झाली ती बाईंची नाही, माझी आहे. त्यातला शब्द न् शब्द माझा. वेष्टनाची लबाडीही माझीच." संपादकांनी दोन स्वल्पविराम खाल्ले.

समीक्षकांचा फोन. "जगासमोर माझं हसं केलंत!" म्हटलं, माझंही झालंय, वाटून घेऊ. शिवाय आभार मानायचे होते. वीस वर्षांत माझं पुस्तक पुरतं वाचणारे तुम्ही पहिलेच. आता बाईंचं वाचाल?

"बघू." फोन आपटला.

२५ मार्च

बाईंची कादंबरी आज वरून खाली वाचली. सलग. माझ्यापेक्षा चांगली आहे.

चूक एकही सापडली नाही— शोधायचं राहूनच गेलं.