सहावं टोक

४ फेब्रुवारी

ती. ताईस,

धाकट्याचा सा. न. वि. वि.

फोन केला की ऐकू येत नाही असं सांगून तू ठेवून देतेस, आणि त्याच दिवशी आक्काशी तासभर बोलतेस. म्हणून पत्र. पत्राला ऐकू येत नाही असं तुला म्हणता येणार नाही.

आईला या महिन्याच्या शेवटच्या रविवारी ऐंशी पूर्ण होतील. तब्येत तुला माहीतच आहे. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, जपा. तिला भेट काय हवी म्हणून विचारलं तर म्हणाली, सहाही पोरं एकदा एका खोलीत बघायची आहेत, बाकी काही नको. मग म्हणाली की ते जमणार नसेल तर निदान एका फ्रेममध्ये तरी लाव. सहा फोटोंच्या दोन ओळी मात्र तिला नकोत, कारण ओळी म्हटल्या की कोणीतरी वर आणि कोणीतरी खाली.

तेव्हा मी ठरवलं, सहा बाजूंची फ्रेम करायची. मध्ये आई, भोवती आपण सहा, कोणी वर नाही, कोणी खाली नाही. एवढी वर्षं फ्रेमचं दुकान चालवतोय, पण चार बाजूंच्या पुढे कधी गेलो नव्हतो. मागे एका गिऱ्हाइकानं गाव सोडून जाताना देऊन टाकलेली कोरीव सागवानी पट्टी होती ना, जिला मी कोणाला हात लावू देत नव्हतो, तीच काढली. आणि तुला न विचारता कोनही मीच काढला बरं का. षट्कोनाचा आतला कोन एकशेवीस, त्याचे निम्मे साठ. करवतीवरचा कोनाचा काटा साठवर लावून ठेवलाय, उद्या कापतो. म्हणजे तुझ्याकडे शिकलेलं गणित अगदीच वाया गेलं नाही.

फोटो पाठव. त्याहून बरं म्हणजे तूच ये. मधलीताई आणि भाऊजी येणार आहेत, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर दारातून परत फिरशील.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
चौकट

*

८ फेब्रुवारी

चि. चौकटीस,

अ. उ. आ.

आधी महत्त्वाचं. पट्टी कापली नसशील तर हात बांधून बस. साठ हा आकडा वाचून माझं डोकं फिरलं. तुझ्या करवतीचा शून्य कुठे आहे ते एकदा बघ आणि मग माझ्याकडे शिकल्याच्या बढाया मार. मी शिकवलं ते तुझ्या डोक्यात शिरलं असतं तर तू दुकानात भिंतीवर चौकोन टांगत बसला नसतास. पालथ्या घड्यावर पाणी घालण्यात माझी सगळी नोकरी सरली, त्यातला पहिला घडा तू.

आता येण्याचं. मी येणार नाही. मधली येणार असेल तर मुळीच नाही.

तुम्ही सगळे मिळून मला भांडखोर ठरवलंत, म्हणून काय झालं होतं ते पुन्हा लिहिते. तिच्या बांधकामवाल्या नवऱ्यानं नव्या घरात पाच भिंतींची खोली काढली आणि घरभर पाहुणे जेवायला बोलावले. जेवताना हे महाशय सांगू लागले की कुठल्याही खोलीच्या कोपऱ्यांची बेरीज तीनशे साठच भरते, कारण खोलीला फेरी मारली की माणूस एकदा पूर्ण फिरतो. आता, फिरतो हे खरं. पण ती वळण्याची बेरीज झाली, बाहेरच्या कोनांची. पाच भिंतींच्या खोलीत आतले कोन पाचशे चाळीस भरतात. मी एवढंच सांगितलं. तरी त्याचं तुणतुणं थांबेना, तेव्हा त्याला उठवलं, भिंतीला धरून चालायला लावलं आणि प्रत्येक कोपऱ्यात आपण किती वळलो ते मोठ्यानं म्हणायला लावलं. वर्गात मी हेच करत आले, एकही पोरगा रुसला नाही. पाहुणे हसले त्याला मी काय करू. जो माणूस घरं बांधून विकतो त्याला कोपरा म्हणजे काय ते माहीत नसावं, हे हसण्यासारखंच आहे.

त्यावर मधलीनं मला स्वयंपाकघरात गाठून ऐकवलं की मला माणसं दिसतच नाहीत, नुसते कोपरे दिसतात. ठीक आहे. मग तिला बघायला तरी मी कशाला येऊ.

फोटोही पाठवणार नाही. माझा चांगला फोटो एकच आहे, तो निवृत्तीच्या दिवशीचा, आणि त्यात मी रागावलेली आहे.

आईला माझा नमस्कार सांग. तिला रोज संध्याकाळी थोडं चालव.

आशीर्वाद आहेत, ते जपून वापर.

तुझी,
ताई

*

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच मी कापून मोकळा झालो होतो. तेव्हा हसायचं तेवढं आत्ताच हसून घे.

सहाच्या सहा पट्ट्या एकदम कापल्या. जोडायला बसलो तर दोन पट्ट्यांचं टोक भाल्यासारखं निघालं. म्हटलं, पुढे होईल सरळ. तिसरी पट्टी लावली आणि फ्रेम बंदच झाली. त्रिकोण. उरलेल्या तीन पट्ट्यांचा दुसरा त्रिकोण. सहा बाजूंची एक फ्रेम करायला गेलो आणि तीन बाजूंच्या दोन झाल्या. जोड इतके सुरेख बसलेत की रडावं की हसावं कळेना.

ही पट्टी आता कुठेच मिळत नाही, मी चार ठिकाणी विचारलं. पुन्हा कापून षट्कोन करावा तर प्रत्येक पट्टीचा निम्मा भाग कचऱ्यात जाईल आणि आईचा फोटो टपालाच्या तिकिटाएवढा लावावा लागेल.

आईनं ते त्रिकोण पाहिले. ती म्हणाली, बरोबरच झालंय की, तीन इकडे, तीन तिकडे, घर आहे तसंच आलंय. हसत म्हणाली, पण मग भिंतीकडे वळून झोपली आणि रात्री जेवली नाही. तुला आठवत असेल, त्या जेवणानंतर तू, दादा आणि आक्का एकीकडे झालात. मधलीताई आणि बंड्या दुसरीकडे, आणि मला कोणी न विचारताच त्यांच्यात मोजलं. दादा आणि आक्का वाढदिवसाला येतो म्हणाले. आता राहिलीस तू.

मधलीताई दुकानात आली होती. तिनं दोन्ही त्रिकोण उलटसुलट करून पाहिले. म्हणाली, ताई इथं असती तर काटा लावतानाच खेकसली असती आणि पट्टी वाचली असती. मग डोळे पुसून निघून गेली. तू वाच आणि काय वाटायचं ते वाटू दे.

आता काय करू तेवढं सांग. जेमतेम दोन आठवडे हातात आहेत. शिव्या शेवटी घाल, आधी उपाय लिही.

कृपा असू दे, असेल तेवढी.

तुझा,
चौकट

*

१७ फेब्रुवारी

चि. चौकटीस,

अ. उ. आ.

शिव्या आधीच घालणार. तुझ्या सांगण्यावरून मी क्रम बदलत नसते.

करवतीवर शून्य म्हणजे सरळ आडवा काप. तिथून किती कलायचं ते काटा सांगतो. आणि कलायचं ते कोपऱ्यात पट्टी जेवढी वळणार त्याच्या निम्मं, म्हणजे बाहेरच्या कोनाच्या निम्मं. षट्कोनाच्या कोपऱ्यात वळायचं साठ, काटा लावायचा तीसवर. तू आतल्या कोनाचे निम्मे करून साठ लावलेस. मग पट्टी एकेका कोपऱ्यात एकशेवीस वळली आणि तीन कोपऱ्यांतच तीनशे साठ पुरे झाले. एवढं वळल्यावर कुठलीही फ्रेम बंद होणारच. तिला काय ठाऊक की तुझ्या हातात अजून तीन पट्ट्या आहेत.

आणि इतकी वर्षं चुकलास कसा नाहीस, हेही सांगते. चौकोनात आतला कोन नव्वद आणि बाहेरचाही नव्वद. निम्मे कशाचेही कर, पंचेचाळीसच. तू जन्मभर चुकीचा कोन मोजत होतास आणि फ्रेम बरोबर येत होती, म्हणून स्वतःला कारागीर समजत होतास. त्या बांधकामवाल्याचाही रोग हाच. चार भिंतींच्या खोलीत आतली बेरीज तीनशे साठ, बाहेरचीही तीनशे साठ. सगळा जन्म चार भिंतींत काढला की माणसाला आतलं आणि बाहेरचं सारखंच वाटायला लागतं. एकाच घरात असले दोन नग मिळाले, हे आमचं भाग्य.

आता उपाय. एक त्रिकोण टोक वर करून ठेव. दुसरा टोक खाली करून त्याच्यावर ठेव. प्रत्येक बाजूचे तीन सारखे भाग पाड. दोन्ही त्रिकोण एकमेकांना तिथेच छेदतील. त्या जागी दोन्ही पट्ट्यांना निम्म्या जाडीच्या खाचा घे, म्हणजे एकात एक बसून पाठ सपाट होईल. मध्ये काय उरलं ते बघ. तुझा षट्कोन. आतला प्रत्येक कोन एकशेवीस, तुला हवा होता तोच. तो तू केलेला नाहीस, आपोआप झालाय, म्हणून बरोबर असेल. त्यात आईचा फोटो लाव. भोवती सहा टोकं उरतात, त्यांत एकेकाला बसव.

खाच घेताना घाई केलीस तर मात्र पुन्हा मला लिहू नकोस.

माझ्या फोटोचं विचारू नकोस. एक टोक रिकामं राहू दे. रिकामा त्रिकोणही त्रिकोणच असतो, त्याच्या कोनांची बेरीज बदलत नाही.

आई रात्री जेवली नाही हे तू चौथ्या परिच्छेदात लिहितोस. ते पहिल्या ओळीत लिहायचं असतं. आता जेवते का, उलट टपाली कळव.

आशीर्वादाला कमतरता नाही, अकलेची सोय तू बघ.

ताई

*

२१ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

पहिल्या ओळीत लिहितो: आई जेवते. काल दोन घास जास्तच जेवली.

फ्रेम झाली. तू लिहिलंस तशीच, जिथल्या तिथे. खाचा घ्यायला दोन माणसं हवी होती, तर भाऊजी आले. तू नाक मुरडशील, पण त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. तुझं पत्र टेबलावर पडलं होतं, ते त्यांनी वाचलं. दोन नग वगैरे सगळंच. मी म्हटलं, झालं, आता हेही फिसकटलं. पण त्यांनी पत्राची घडी घातली आणि पट्टी धरली. फ्रेम बसल्यावर मधल्या षट्कोनाच्या कडेनं बोट फिरवू लागले. प्रत्येक कोपऱ्याला थांबायचे, पुटपुटायचे, पुढे जायचे. फेरी पुरी झाल्यावर म्हणाले, ताईंना कळवा, बाहेरचे तीनशे साठ, आतले सातशे वीस, आज पटलं. मग म्हणाले, त्या दिवशीही पटलंच होतं, पण तोंडात घास होता आणि समोर माझी गिऱ्हाइकं बसली होती.

फोटो लावताना एक गंमत झाली. मी सरळ मनानं एका त्रिकोणाच्या टोकांत तुम्हा तिघांना घेतलं आणि दुसऱ्याच्या टोकांत आम्हा तिघांना. आईच्या खोलीत भिंतीवर लावून बघतो तर एका गटातलं कोणीच कोणाच्या शेजारी नाही. दादाच्या एका बाजूला मधलीताई, दुसऱ्या बाजूला बंड्या. आक्काच्या एका बाजूला बंड्या, दुसऱ्या बाजूला मी. तुझ्या रिकाम्या टोकाच्या शेजारी एकीकडे मी आणि एकीकडे मधलीताई. मी बदलायला निघालो तर आईनं माझा हात धरला. म्हणाली, राहू दे, कोण कुठे बसणार ते तुझ्या पट्ट्यांना तुझ्याहून जास्त कळतंय.

रिकामं टोक तेवढं तिला बघवेना. तुझा जुना एखादा फोटो शोधतो म्हटलं तर तेही नको म्हणाली. दुकानातून आरशाचा तुकडा मागवला आणि तो त्या टोकात बसवायला लावला. तिचं म्हणणं असं, की ताई फोटो देत नाही ना, न देऊ दे. समोर येऊन उभी राहील तेव्हा दिसेल. तोवर तिथे ज्याचं तोंड येईल त्याचं येईल.

ताई, ती सकाळी उठली की आधी तिकडे बघते. पलंगावरून त्या आरशात तिला फक्त दार दिसतं. रविवारला आता दिवस उरलेत किती ते तूच मोज.

वाट बघायला लावू नकोस.

तुझा,
चौकट

*

२४ फेब्रुवारी

चि. चौकटीस,

अ. उ. आ.

शनिवारी दुपारच्या गाडीनं येते. न्यायला येऊ नकोस, तू उशीर करतोस.

मी कोणाची समजूत काढायला येत नाही. तू घेतलेल्या खाचा बघायला येते. दोन माणसांनी मिळून घेतल्या म्हणतोस, म्हणजे दुप्पट वाकड्या असणार.

त्या बांधकामवाल्याला सांग, सातशे वीस बरोबर. शाबासकी नाही, नुसतं बरोबर. आणि तोंडात घास होता हे त्यानं तेव्हाच हातानं खुणावलं असतं तर मी त्याला जेवण झाल्यावर उठवलं असतं.

आरसा पलंगावरून दिसेल अशा उंचीवर लावला असशील, तर मला वाकून बघावं लागेल. मला वाकायची सवय नाही हे अख्ख्या घराला ठाऊक आहे, आईला तर पक्कं ठाऊक आहे, आणि म्हणूनच तिनं तो तिथे लावला हेही मला कळतं. वाकेन. ऐंशी वर्षांच्या बाईनं एवढा घाट घातला आहे, तर तेवढं करायला माझी ना नाही. गुडघे दुखतात, म्हणून शेजारी एक खुर्ची ठेव.

आणि मधलीला सांग, आरशात नुसतं समोरचं माणूस दिसत नाही, त्याच्या मागे कोण उभं आहे तेही दिसतं. मी बघेन तेव्हा तिनं दारात घुटमळू नये. माझ्या मागे येऊन उभं राहावं, जरा डावीकडे, म्हणजे मला ती नीट दिसेल.

बाकीचा लोभ बरोबर घेऊन येते, टपालाचा भरवसा नाही.

तुझी,
ताई