गोळी हिले लागली, मले नाई

१२ फेब्रु. ७६, नालवाडी
काल दवाखान्यातून घरी. पाय प्लास्टरात. कोबीनं भरलेली बैलबंडी पायावर उलटली तवा वाटलं नव्हतं एवढं होईल. दुखण्यासाठी पांढऱ्या गोळ्या लिहून देल्या. कडू, घशात चिकटतात. काही फरक नाई. हाड ठणकूनच राह्यलं.

१४ फेब्रु.
सेलूहून साळा आला. त्याचा पाय मोडला तवा याच गोळ्या, खाल्ली की आराम म्हणे. बसल्या जागून खिडकीबाहेर तंबाखू थुंकते, थेट माह्या सांभारावर, कोवळ्या कोथिंबिरीवर. अन् मले सांगते, भाऊजी, मन घट्ट करा. शिसारी आली. त्याच्या तोंडाची, गोळीची, सगळ्याचीच.

१७ फेब्रु.
बायकोची कंबर धरली. मले न इचारता माह्यातली एक गोळी खाल्ली. दुपार झाली तरी उठेना. उठली तं ओकली, पुन्हा आडवी. लय घाबरलो.

१८ फेब्रु.
प्लास्टर दाखवाले गेलतो. हिनं डॉक्टरले सांगतलं, गोळी जबर आहे, मी दिवसभर पडून होती. झालं. गोळी खरी, म्हणजे माणूस खोटा. पडद्यामागं डॉक्टर हिले म्हणाले, "काहींना पडून राहायची सवय लागते. लक्ष देऊ नका." सगळं ऐकू आलं. ही हो म्हणाली.

२ मार्च
शेजारी इचारते, नाटक कवा संपते? बायको हसली. रंजना, आमची पोरगी, तेवढी पाणी देऊन जाते. गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. वीट आला माणसायचा. आता कोणी इचारलं तं बरं आहे म्हणतो. भिंतीकडे तोंड करून पडतो.

९ नोव्हें. ८४
परवा रंजनाचं सिझर. पोरगा झाला. पण तिचं दुखणं थांबत नाई. गोळी तीच, पाकिटावरचं नाव वाचलं. बाजूच्या खाटेवरची बाई त्याच गोळीवर घोरून राह्यली. आर्वीहून रंजनाची सासू आली, म्हणे आजकालच्या पोरी नाटकी. तोच शब्द. माह्या बोलण्याले कोण किंमत देते.

१० नोव्हें.
सकाळी डॉक्टर आले. तरुण आहेत. म्हणाले, या गोळीनं सगळ्यांना आराम पडतो. सासूनं मान डोलावली. तं बायको मधात उभी झाली.
"हिच्या बापालेही ही गोळी लागत नाई. ते खोटं नव्हते सांगत."
डॉक्टरनं माह्याकडे पाह्यलं. बघू म्हणाले.
बाहेर आल्यावर ही मागं न पाहता पुढं चालत राह्यली. म्हणजे हिले माहीत होतं. कवापासून? शेजाऱ्यासमोर हसली तवाही? किळस आली हिची. अन् आज पोरीसाठी बोलली म्हणून बरंही वाटलं, त्याचीही किळस.
संध्याकाळी पुन्हा गेलतो. गोळी बदलली का तीच, सांगाले कोणी नाई. रंजना भिंतीकडे तोंड करून. दुखते का, इचारलं. "बरं आहे, बाबा."