चिंधी बांधलेलं वांगं

मु. आंजी, मंगळवार, संध्याकाळ

किळस आली आज. आमचा छोटा गेम स्टुडिओ विकत घेणाऱ्या बड्या कंपनीनं आमचा नवा गेम पाच मिनिटांच्या मीटिंगमध्ये बंद केला. त्यातल्या गावांची चित्रं मी दोन वर्षं काढून राह्यलो होतो. आता सगळ्यांनी त्यांच्याच जुन्या गेमचा सहावा भाग करायचा. स्वतःले काही सुचत नाई, म्हणून दुसऱ्याचं घेऊन मारायचं?

घरामागच्या वाडीत जाऊन मायले सांगितलं. बियाण्यासाठी राखलेलं वांगं कोणी तोडू नये, म्हणून ती त्याले चिंधी बांधत होती. म्हणाली, "त्यायले बियाण्याचं वांगं ओळखू नाई आलं काय?"

आलं ना. म्हणून तर घेतलं, अन् भाजी करून खाल्लं.

पण चिंधी कोणं सोडली? स्टुडिओ विकला तवा अख्ख्या गल्लीत पेढे मीच वाटलते.